टाकीत आरओचं पाणी ओतण्याआधी: काय मोजायचं, काय मिसळायचं, किती सावकाश बदलायचं

आरओचं पाणी सुरू केल्यापासून मासे दगावताहेत, असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, "पाण्यात काय मिसळता?" उत्तर बहुतेक वेळा येतं, "काही नाही, शुद्धच घालतो." घोळ तिथेच असतो. सुरुवातीचे काही आठवडे काहीच जाणवत नाही. पाणी काचेसारखं नितळ दिसतं, मासे खातात-पितात. मग एके दिवशी सकाळी सगळे वर येऊन तोंडं उघडी टाकून बसलेले असतात आणि कारण काही सापडत नाही.

मेंब्रेन, म्हणजे आरओ यंत्रातला पाणी गाळणारा पडदा, नकोसे क्षार अडवतो तसे हवे असलेलेही अडवतो. त्यामुळे आरओचं पाणी स्वच्छ असतं, पण रिकामं असतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. म्हणून पाणी सतत त्याच्या कल्ल्यांतून आत शिरत राहतं. मासा ते लघवीवाटे बाहेर टाकतो आणि क्षार मात्र धरून ठेवतो. हे काम त्याला जन्मभर करावं लागतं. बाहेरच्या पाण्यात क्षारच उरले नाहीत की ते काम त्याला झेपत नाही. शिवाय पाण्याचा पीएच जागेवर ठेवणारं बायकार्बोनेटही गेलेलं असतं. त्यामुळे आरओ वापरायचा म्हणजे रिकाम्या पाण्यात काय, किती आणि कधी परत घालायचं हे ठरवायचं.

पुढे तीन आकडे सारखे येतील, ते आधी समजून घ्या. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं एकूण किती आहे त्याचा अंदाज, पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. काय विरघळलंय हे तो सांगत नाही. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, ज्याला आपण पाण्याचा जडपणा म्हणतो. केएच म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेट, पीएचला धरून ठेवणारा आधार. जीएच आणि केएच अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी मात्रा.

टप्पा १: नळाचं पाणी मोजा, मग आरओ लागतोय का ते ठरवा

हा टप्पा गाळणारे सर्वांत जास्त. यंत्र घरी येतं, जोडलं जातं, आणि नळाच्या पाण्याचा जीएच किती होता हे शेवटपर्यंत कुणाला माहीत नसतं.

टीडीएस मीटर आणि जीएच-केएचचं थेंबांचं किट, एवढं हवंच. कागदी पट्ट्यांवर या कामासाठी भरवसा ठेवू नका. थेंबांच्या किटमध्ये ५ मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं, रंग पालटेपर्यंत जितके थेंब पडले तितके अंश. आरओच्या पाण्यात आकडे लहान असतात. तिथे ५ ऐवजी १० मिलिलिटर पाणी घ्या, म्हणजे प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो. प्रत्येक थेंबानंतर नळी हलवा. दोन थेंब एकदम पडले तर मोजणी पहिल्यापासून करा.

नळाचं, टाकीतलं आणि आरओचं अशी तीन पाणी मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नळाचं पाणी वेगळं असू शकतं. एकदा मोजून वर्षभर तोच आकडा धरू नका.

आता मासे बघा. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जडच पाणी मानवतं. मलावी आणि टांगानिका या सरोवरांमधल्या सिक्लिडनाही तसंच. गोल्डफिश मध्यम ते जड पाण्यात मजेत राहतात. या माशांसाठी आरओ बसवू नका, तुमचं नळाचं पाणीच त्यांना बरं. कार्डिनल टेट्रा, रॅम, डिस्कस यांना मऊ पाणी लागतं, विशेषतः पिल्लं काढायची असतील तर. चेरी श्रिम्पना (टाकीत पाळायच्या छोट्या कोळंब्यांना) जीएच ६ ते ८ आणि थोडा केएच चालतो. क्रिस्टल रेडसारख्या बी-श्रिम्पना मात्र जीएच ४ ते ६ आणि केएच जवळपास शून्य हवा असतो. त्यांच्यासाठी आरओला पर्याय नाही.

जड पाण्याचे आणि मऊ पाण्याचे मासे एकाच टाकीत ठेवून मधला आकडा धरायचा, हा तोडगा काढू नका. दोन्हीकडचे कुढत राहतात.

सावधान: घरातल्या सॉफ्टनरचं पाणी म्हणजे आरओचं पाणी नव्हे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. जीएच शून्य दिसतो, पण टीडीएस जवळपास होता तेवढाच राहतो. हे पाणी मऊ पाण्याच्या माशांच्याही कामाचं नाही.

टप्पा २: तुमचं यंत्र खरोखर काय देतं ते बघा

पिण्याच्या पाण्याचा आरओ आणि टाकीसाठीचा आरओ यांत मेंब्रेन तोच असतो, त्याच्या पुढची जोडणी वेगळी असते. पिण्याच्या यंत्रात चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो. तो थोडं न गाळलेलं पाणी गाळलेल्या पाण्यात परत सोडतो. काहींत मिनरल कार्ट्रिज असते. काही यंत्रं पाण्यात तांबं उतरवतात. तांबं माणसाला चालतं, श्रिम्प आणि गोगलगायींना ते अगदी थोड्या प्रमाणातही घातक ठरतं. तुमच्या यंत्रात तांब्याची कार्ट्रिज असेल तर तिच्या पुढचं पाणी श्रिम्पच्या टाकीत एक पेलाभरही घालू नका.

उपाय सोपा आहे. मेंब्रेनमधून गाळलेलं पाणी ज्या बारीक नळीतून निघतं, तिच्यावर कंट्रोलर आणि कार्ट्रिजच्या आधी एक टी-जोड बसवून घ्या आणि छोटा कॉक लावा. टाकीचं पाणी तिथून काढा, पिण्याचं नेहमीच्या नळातून. जोडणीची सवय नसेल तर यंत्राची देखभाल करणाऱ्याकडून करून घ्या. त्याला नेमकं सांगा: "मेंब्रेननंतरचं, काही न मिसळलेलं पाणी हवं."

पडताळणी: नळाचा टीडीएस आणि मेंब्रेननंतरचा टीडीएस मोजा. नळाच्या आकड्यातून गाळलेल्याचा वजा करा, नळाच्या आकड्याने भागा, १०० ने गुणा. नळाचं ४८० आणि गाळलेलं १९ असेल तर मेंब्रेन ९६ टक्के क्षार अडवतोय, म्हणजे ठणठणीत आहे. ९० च्या खाली उतरला तर आधी नळातला दाब बघा. दाब कमी असला की चांगला मेंब्रेनही खराब आकडे देतो, तिथे बूस्टर पंप लागतो. दाब ठीक असेल तर मेंब्रेन संपत आलाय.

मोजताना एक चूक हमखास होते. यंत्र बंद असताना मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचं पाणी हळूहळू एकसारखं होत जातं, म्हणून सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी जास्त टीडीएसचं येतं. ते बादलीत वेगळं काढा आणि फरशी पुसायला वापरा. आकडा खाली येऊन थांबला की मगच पिंपात सोडा. दिवसातून पाच वेळा दोन-दोन लिटर काढण्यापेक्षा एकदाच सलग दहा लिटर काढलेलं बरं.

मेंब्रेनच्या आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदला. आजच्या बहुतेक मेंब्रेनना क्लोरीन सोसत नाही, आणि ते अडवण्याचं काम कार्बनचं. जुना कार्बन स्वस्तात चालवत बसलात तर महाग मेंब्रेन जळतो. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) घालत असतील तर साधा कार्बन अपुरा पडतो, तिथे त्यासाठीचाच कार्बन लागतो.

टप्पा ३: साठवण

झाकणाचं फूड ग्रेड प्लास्टिकचं पिंप घ्या. ते फक्त टाकीसाठी ठेवा आणि त्यावर तसं लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी त्यात साबणाचा हात बुडवतं. धातूचं भांडं, पितळी कॉक, तांब्याची नळी नको. रिकामं पाणी धातू पटकन ओढून घेतं. पिंपावर बाहेरून दर पाच लिटरला मार्करची खूण करा, पुढच्या टप्प्यात ती लागते.

पिंप भरायला लावून विसरू नका. पिंप भरल्यावर पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह नसेल तर मोबाइलवर गजर लावा.

रिजेक्टचं पाणी, म्हणजे मेंब्रेनने टाकून दिलेलं, नळाच्या पाण्याहून जड असतं. यंत्रानुसार एक लिटर गाळलेल्या पाण्यामागे तीन-चार लिटरही जातं. ते फरशी, संडास, गाडी धुण्याला वापरा. जड पाण्याच्या माशांना चालेल असं समजून ते टाकीत घालणारे भेटलेत. त्यात कॅल्शियमबरोबर नायट्रेट आणि बाकीचं सगळंही दाट झालेलं असतं. नको.

टप्पा ४: मिसळणं, दोन वाटा

सगळ्या कामाचा गाभा हा आहे, म्हणून इथे घाई नको.

पहिली वाट: नळाच्या पाण्यात मिसळणं

नळाचं पाणी जड आहे, बाकी चांगलं आहे, आणि तुम्हाला मध्यम मऊ पाणी हवंय, तर हीच वाट धरा. पावडरी, वजनकाटा काही लागत नाही. हिशेब असा: लागणारं एकूण पाणी गुणिले हवा असलेला जीएच, भागिले नळाचा जीएच. आलेला आकडा म्हणजे नळाचं पाणी किती लिटर. उरलेलं आरओचं.

समजा नळाचा जीएच १८, केएच १३, टीडीएस ५२०. आरओचा टीडीएस १५. जीएच ६ चं ६० लिटर पाणी हवंय. ६० गुणिले ६ भागिले १८, म्हणजे २० लिटर नळाचं आणि ४० लिटर आरओचं. केएच येईल ४.३ च्या आसपास, टीडीएस १८० च्या आसपास.

या वाटेची मर्यादा ध्यानात घ्या. जीएच आणि केएच एकाच प्रमाणात उतरतात. जीएच ६ हवा पण केएच शून्य हवा, हे इथे जमत नाही. नळाच्या पाण्यात नायट्रेट किंवा लोह असेल तर तेही थोडं येणारच.

सावधान: मिश्रणातल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. दोन भाग आरओ आहे म्हणून चालून जाईल, असं होत नाही. क्लोरीन मारणारं औषध घालाच.

दुसरी वाट: क्षार घालून पाणी घडवणं

श्रिम्पवाल्यांनी, आणि नळाचं पाणी अजिबात वापरायचं नाही अशांनी ही वाट धरावी. तयार रिमिनरलायझर मिळतात. घेताना डबीवर एकच गोष्ट वाचा: तो फक्त जीएच वाढवतो की जीएच आणि केएच दोन्ही. बी-श्रिम्पना पहिला, चेरी श्रिम्प आणि माशांना दुसरा. उलटसुलट झालं तर आठवड्यात परिणाम दिसतो.

स्वतः घडवायचं असेल तर १०० लिटर आरओच्या पाण्यात एक अंश वाढवायला साधारण एवढं लागतं:

कॅल्शियमसाठी फूड ग्रेड जिप्सम ३.१ ग्रॅम, किंवा कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.६ ग्रॅम.
मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट ४.४ ग्रॅम.
केएचसाठी खायचा सोडा ३ ग्रॅम.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे अंश मी तीनास एक ठेवते. म्हणजे ५० लिटर पाणी, जीएच ६ आणि केएच ३ हवा असेल, तर कॅल्शियमचे साडेचार अंश आणि मॅग्नेशियमचा दीड. जिप्सम ७ ग्रॅम, एप्सम सॉल्ट ३.३ ग्रॅम, सोडा ४.५ ग्रॅम. झालं.

चमच्याने मोजू नका. सपाट चमचा आणि शिगोशीग चमचा यांत दीडपट फरक पडू शकतो, आणि दमट हवेत तोच चमचा आणखी वेगळा भरतो. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या.

क्रम पाळा. पिंपात एक छोटा पंप किंवा एअर स्टोन सोडा. आधी जिप्सम घाला. ते लगेच विरघळत नाही, पाणी दुधाळ होतं आणि तळाशी पिठासारखा थर बसतो. तो हाताने ढवळून उठवा आणि पंप काही तास चालू द्या. पाणी पुन्हा स्वच्छ झालं, तळाला बोट लावल्यावर कचकच लागली नाही, की एप्सम सॉल्ट घाला. सोडा सगळ्यात शेवटी.

कॅल्शियम क्लोराइड वापरत असाल तर ते विरघळताना बाटली चक्क गरम होते. म्हणून पाण्यात पावडर घाला, पावडरीवर पाणी ओतू नका. डबीचं झाकण घट्ट लावा. उघडी राहिली तर ते हवेतलं पाणी ओढून चिखल होतं आणि वजनाचा हिशेब चुकतो.

सावधान: कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा (किंवा एप्सम सॉल्ट) एकाच पेल्यात दाट विरघळवू नका. पांढरा साका बसतो आणि जे पाण्यात राहायला हवं होतं तेच तळाला जातं. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी, भरपूर पाण्यात.

सावधान: खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर नाही. जिप्सम म्हणजेही प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा भिंतीला लावायचं मिश्रण नाही.

कोणतीही पावडर थेट टाकीत टाकू नका. खाली पडणारा कण खाऊ समजून मासा तोंडात घेतो, आणि श्रिम्पच्या अंगावर तो विरघळला तर आसपासचं पाणी क्षणभर कैकपट दाट होतं.

टप्पा ५: ओतण्याआधीची तपासणी

मिश्रण झाल्यावर निदान काही तास, शक्य तर रात्रभर, हवा चालू ठेवून राहू द्या. मग जीएच, केएच, टीडीएस मोजा, त्यानंतर पीएच. क्रम मुद्दाम असा सांगतेय. नुसत्या आरओच्या पाण्याचा पीएच मोजून घाबरणारे पुष्कळ. त्यात धरून ठेवणारं काहीच नसल्याने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही तो ६ च्या खाली जातो आणि मीटरचा आकडा डळमळत राहतो. त्या आकड्याला अर्थ नाही. क्षार घातल्यावरचाच पीएच बघा. आणि तो मनासारखा नसेल तर पीएच कमी-जास्त करणाऱ्या बाटल्यांच्या मागे लागू नका. केएच बरोबर असेल तर पीएच आपोआप एका जागी येऊन स्थिरावतो.

तापमान टाकीच्या पाण्याच्या एक-दोन अंशांत आणा.

एकाच पाककृतीने तीन वेळा पाणी केलंत आणि तिन्ही वेळा जीएच-केएच जुळले, तर त्या वेळचा टीडीएस लिहून ठेवा. पुढच्या वेळी टीडीएस तोच आला की समजायचं वजन चुकलेलं नाही. टीडीएस मीटरचा खरा उपयोग हा. नुसत्या टीडीएसवर पाणी चांगलं-वाईट ठरवू नका: मीठ घालूनही टीडीएस २०० येतो.

टप्पा ६: चालू टाकी नव्या पाण्यावर आणणं

इथे नळाच्या पाण्याचा आकडा धरू नका, टाकीतलं पाणी मोजा. जुन्या टाकीचा टीडीएस नळापेक्षा बराच जास्त असतो. नळाचं ५२० आणि टाकीतलं ७००, हे अजिबात दुर्मीळ नाही. मासे त्या ७०० ला सरावलेले असतात.

समजा तयार पाणी १८० चं आहे. एकदम पाचवा भाग बदललात तर ७०० चं ५९६ होतं, म्हणजे एका तासात शंभराहून जास्त घसरण. दहावा भाग बदललात तर ६४८ होतं. मी एका वेळी ५० च्या आसपासच उतरू देते. दर वेळी दहावा भाग, आठवड्यातून दोनदा, असं केलं की चार आठवड्यांनी टीडीएस ४०० च्या जवळ येतो आणि आठ आठवड्यांनी २८० च्या खाली. वेळ लागतो, पण या चालीत मासे शांत राहतात. पाणी एकदम पातळ झालं तर माशाच्या अंगात पाणी भसकन शिरतं. श्रिम्प अशा धक्क्याने अवेळी कात टाकतात आणि अर्धवट कातीत अडकून मरतात. श्रिम्पच्या टाकीत याच्याही निम्म्या वेगाने जा आणि नवं पाणी बारीक नळीने थेंबाथेंबाने सोडा.

नवे मासे आणताना तर हे आणखी महत्त्वाचं. पिशवीतल्या पाण्याचा टीडीएस मोजा. तो तुमच्या टाकीपेक्षा कितीतरी जास्त असेल तर पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवणं पुरेसं नाही, तेवढ्यात फक्त तापमान जुळतं.

पडताळणी: प्रत्येक बदलानंतर दुसऱ्या दिवशी टीडीएस आणि जीएच पुन्हा मोजा. मऊ पाणी घालूनही जीएच दर वेळी परत चढत असेल तर टाकीतल्या दगडांकडे, वाळूकडे, शिंपल्यांकडे बघा. चुनखडी, संगमरवर, शंख-शिंपले मऊ पाण्यात विरघळत राहतात. दगड बाहेर काढून कोरडा करा आणि त्यावर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो दगड या टाकीचा नाही.

टप्पा ७: आठवड्याचा बदल आणि मधली भर, ही दोन वेगळी पाणी

सर्वांत खोल रुजलेली चूक ही आहे. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून उडालेल्या पाण्याची भर नुसत्या आरओच्या पाण्याने घालायची, काही न मिसळता. आणि उपसून काढलेलं पाणी क्षारांसकट गेलेलं असतं, म्हणून त्याच्या जागी क्षार घातलेलं तयार पाणी घालायचं.

अदलाबदल झाली की काय होतं ते बघा. १०० लिटरच्या टाकीतून आठवड्याला ५ लिटर पाणी उडालं आणि तुम्ही ४०० टीडीएसच्या पाण्याने भर घातलीत, तर दर आठवड्याला टाकीचा टीडीएस २० ने चढतो. उलट, पाणी उपसून त्या जागी नुसतं आरओ घालत राहिलात तर जीएच आणि केएच दर आठवड्याला घटत शून्याकडे जातात.

माझा पाणी बदलायचा दिवस असा असतो:

१. काचेवर पट्टी चिकटवून केलेल्या खुणेपर्यंत नुसत्या आरओच्या पाण्याने भर. फिल्टर चालू, अर्धा तास थांबणं.
२. टीडीएस आणि केएच मोजणं. भर घालण्याआधी मोजलं तर पाणी उडाल्यामुळे आकडा फुगलेला दिसतो, म्हणून आधी भर.
३. नळीने ठरलेलं पाणी उपसणं.
४. तयार पाणी सावकाश सोडणं, पुन्हा खुणेपर्यंत.

दोन पिंपं ठेवा आणि त्यांना वेगळ्या रंगाची झाकणं लावा. घरात दुसरं कुणी पाणी घालत असेल तर हे फार उपयोगी पडतं.

टप्पा ८: केएचवर नजर

माझ्या एका टेट्राच्या टाकीत मी काही महिने केएच मोजलाच नव्हता. जीएच बरोबर येत होता, तेवढ्यावर निर्धास्त होते. एका सकाळी दिवा लावला तर सगळे मासे वरच्या कोपऱ्यात, कल्ले भराभर हलताहेत. केएचच्या नळीत पहिला थेंब पडला आणि पाणी निळं न होता थेट पिवळं झालं. म्हणजे केएच उरलाच नव्हता. पीएच ५.५ च्या खाली गेला होता.

असं होण्याचं कारण फिल्टरमधल्या जिवाणूंच्या कामात आहे. अमोनियाचं नायट्रेट करताना ते बायकार्बोनेट खातात, एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकं. नळाच्या जड पाण्यात हा खर्च दिसत नाही. आरओच्या पाण्यात केएच दोन-तीनच असेल, मासे भरपूर असतील आणि पाणी कमी वेळा बदललं जात असेल, तर शिल्लक संपते. शिल्लक संपली की पीएच कोसळतो, आणि पीएच ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं कामही जवळपास थांबतं. मग अमोनिया साठत जातो.

इथे घाबरून मूठभर सोडा घालणं हे मासे मारायचं हमखास साधन आहे. पीएच कमी असताना साठलेला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो, तो फारसा विषारी नसतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनिया जवळपास दहापट होतो. म्हणून आधी अमोनिया मोजा. खाणं बंद करा. हवा वाढवा. मग टाकीच्याच तापमानाचं, केएच १ ते २ असलेलं पाणी घेऊन दहावा भाग बदला, रोज एकदा. केएच दिवसाला एका अंशाहून जास्त चढू देऊ नका. माझ्या टाकीला ठीक व्हायला नऊ दिवस लागले, आणि तेवढ्यात चार मासे गेले.

तेव्हापासून साध्या टाकीत केएच ३ च्या खाली आला की मी पाणी बदलायचे दिवस जवळ आणते. अ‍ॅक्टिव्ह सॉइल असलेल्या श्रिम्पच्या टाकीला हा नियम लागू नाही. तिथे पीएच धरायचं काम माती करते, आणि तुम्ही केएच घालाल तर माती तो शोषून घेत लवकर थकते. अशा टाकीत पीएच दर आठवड्याला बघा. तो पूर्वी ६.२ वर असायचा आणि आता ६.८ च्या पुढे सरकत असेल तर माती बदलायची वेळ आली.

झाडं असतील तर आणखी एक. नळाच्या पाण्यातून त्यांना कॅल्शियम-मॅग्नेशियम फुकट मिळत होतं. आरओवर आल्यावर नवी पानं वाकडी, आखूड, मुरडलेली यायला लागली तर खताची बाटली बदलण्याआधी जीएच मोजा. पोटॅशियम आणि सूक्ष्म द्रव्यं मात्र खतातूनच द्यावी लागतात, ती जीएच वाढवणाऱ्या क्षारांत असतीलच असं नाही. गोगलगायींचं शंख टोकाकडून पांढरं पडून झिजायला लागलं तर तीही जीएच किंवा पीएच फार खाली गेल्याची खूण.

टप्पा ९: यंत्राची निगा

महिन्यातून एकदा टप्पा २ मधली टक्केवारी काढा आणि वहीत लिहा. सेडिमेंट फिल्टर तपकिरी झाला किंवा धार बारीक झाली की बदला, कार्बन त्याच्या ठरलेल्या लिटरांनंतर न चुकता बदला. हिवाळ्यात धार बारीक होणं साहजिक आहे, गार पाणी मेंब्रेनमधून कमी पाझरतं. त्या दिवसांत यंत्र आदल्या रात्री सुरू करा आणि टक्केवारी तीच असेल तर मेंब्रेन बदलायची घाई करू नका.

नवा मेंब्रेन टिकाऊपणासाठी संरक्षक द्रावणात येतो. बसवल्यावर निदान पहिले एक-दोन तास निघालेलं सगळं पाणी मोरीत सोडा, टीडीएस मोजा, आणि आकडा स्थिर झाल्यावरच नळी पिंपात घाला.